तीन क्वार्टरबॅक, एक टीम: ओहायो स्टेट 2014 चं प्रकरण

18 ऑगस्ट 2014. ओहायो स्टेट या अमेरिकन कॉलेज फुटबॉल टीमची प्रॅक्टिस चालू होती, क्वार्टरबॅक (बॉल टाकणारा, ऑफेन्स चालवणारा प्लेयर) ब्रॅक्स्टन मिलरने एक छोटासा पास टाकला आणि त्याचा उजवा खांदा गेला. थ्रो करायचा हात. तोच खांदा आधी ऑपरेशन होऊन आलेला. पहिली मॅच बारा दिवसांवर, आणि मिलर कोण तर 2012 आणि 2013 असं लागोपाठ दोन वर्षं बिग टेन लीगचा बेस्ट ऑफेन्सिव्ह प्लेयर. सीझन संपला असंच सगळ्यांनी धरलं. पुढच्या पाच महिन्यांत याच टीमने दुसरा क्वार्टरबॅकही गमावला, तिसऱ्याला घेऊन नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जवळपास तीच टीम, मिलरसकट, सगळे फिट असताना घरच्या मैदानावर हरली आणि प्लेऑफला, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या चार टीमच्या फेरीला, मुकली. कॉलेज फुटबॉलमध्ये प्लेयरची पारख कशी करायची हे शिकायचं असेल तर मला याच्यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी अमेरिकन कॉलेज फुटबॉल फारसं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, अडवणारे डिफेन्स; दहा यार्ड जायला चार प्रयत्न म्हणजे डाउन मिळतात, ते जमलं की नवा फर्स्ट डाउन, आणि टोकाच्या एंड झोनमध्ये बॉल पोचला की टचडाउन. एका कॉलेजला तेव्हा 85 स्कॉलरशिप देता यायच्या. पोराला पाच वर्षांत चार सीझन खेळता यायचे, एक वर्ष बसून काढलं तर त्याला रेडशर्ट म्हणतात, आणि तेव्हाचा नियम इतका कडक होता की एका मॅचमध्ये जरी उतरलात तरी ते वर्ष खर्ची पडायचं. हायस्कूलमधून येणाऱ्या पोरांना वेबसाइटवाले स्टार देतात, पाच स्टार म्हणजे सोनं. प्रत्येक जागेला एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी उतरंड लागते, ती डेप्थ चार्ट. मास्टर्ससाठी कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या शहरात, गेलेली आपली मराठी पोरं पहिल्याच सप्टेंबरमध्ये लाखभर माणसं लाल शर्टात स्टेडियमकडे निघालेली बघतात आणि विचारतात की कॉलेजच्या मॅचला एवढं काय, तर एवढं आहे. डेप्थ चार्टमध्ये दोन नंबर कोण याच्यावर तिथे न्हाव्याच्या दुकानातसुद्धा वाद होतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपण प्लेयर बघतो तेव्हा एक यादी करतो, हा याच्यापेक्षा भारी, तो त्याच्यापेक्षा भारी. यादी चुकीची नसते पण तिच्यातून टीम कळत नाही. कुठल्या प्लेयरला नेमकं कुठलं काम दिलंय, आणि ते काम करताना त्याच्या शेजारी कोण उभं आहे, हे कळलं की टीम कळते. ओहायो स्टेटच्या त्या दोन सीझनमध्ये हे इतकं उघड दिसतं की दुसरा दाखला शोधायची गरज पडत नाही.

आता ऑगस्ट 2014 मधलं चित्र बघू. अर्बन मायरचं कोच म्हणून तिसरं वर्ष. पहिल्या दोन वर्षांत सलग 24 मॅच जिंकलेल्या, मग 2013 च्या शेवटी मिशिगन स्टेटकडून 34-24 ने हरले आणि ऑरेंज बोलमध्ये (बोल म्हणजे सीझननंतरची मोठी मॅच) क्लेमसनकडून 40-35 ने. रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) कार्लोस हाइड, ज्याने 2013 मध्ये 1,521 यार्ड काढले होते, तो गेला. ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर भिंत करून अडवणाऱ्या, पाचपैकी चार जण गेले. पास डिफेन्स तर 2013 मध्ये चाळणी होती. म्हणजे जमेच्या बाजूला मोठं नाव एकच, मिलर, आणि तोही गेला.

मग दोन नंबर कोण? स्प्रिंगमध्ये कार्डेल जोन्स पुढे होता. 6 फूट 5 इंच, 250 पाउंडाच्या घरात वजन, क्लीव्हलँडचा पोरगा, हात म्हणजे तोफ. पण ऑगस्टच्या कॅम्पमध्ये जे. टी. बॅरेटने त्याला मागे टाकलं. बॅरेट टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सचा, रेडशर्ट फ्रेशमन, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी गुडघा फाटलेला, कॉलेजमध्ये एकही मॅच न खेळलेला. हात जोन्सच्या मानाने साधा. पण बॉल लवकर सोडतो, निर्णय चुकत नाही, हडलमध्ये (प्लेच्या आधीच्या घोळक्यात) उभा राहिला की बाकीचे दहा जण ऐकतात. प्ले ठरवणारा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर टॉम हर्मनने त्याला टेक्सासमधून शोधून आणलेलं. उंची, वजन, हाताची ताकद अशा रकान्यांत बघितलं तर जोन्स कितीतरी पुढे. कोचने बॅरेटला निवडलं कारण त्या ऑफेन्समध्ये क्वार्टरबॅकचं काम आहे समोरच्या एका डिफेन्डरला वाचायचं, तो इकडे आला तर बॉल तिकडे द्यायचा, आणि हे एका मॅचमध्ये साठ सत्तर वेळा न चुकता करायचं. तिथे तोफ दुय्यम.

6 सप्टेंबरला घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेक आली आणि 35-21 ने हरवून गेली. बॅरेट 29 पैकी 9 पास पूर्ण, 3 इंटरसेप्शन (पास समोरच्यांनी पकडला), 7 सॅक (बॉल सोडायच्या आत आडवा). रात्री टीव्हीवर आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे निकाल लागला की पोरगा कच्चा आहे. मला हा निकाल तेव्हाही पटला नव्हता आणि आता तर अजिबात पटत नाही. टेकच्या डिफेन्सचा कोच बड फॉस्टरने काय केलं ते बघा. त्याने लाइनमधल्या मधल्या तिघांच्या, म्हणजे सेंटर आणि दोन्ही गार्डच्या, बरोबर समोर माणसं लावली, त्यामुळे मधून रन करणं बंद, आणि सगळ्यात मागे राखण करणारा सेफ्टी न ठेवता पास पकडणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरवर एकेकटा माणूस सोडला. म्हणजे सरळ आव्हान, लांब टाकून दाखवा. त्याला उत्तर द्यायला तीन गोष्टी लागतात, क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळाले पाहिजेत, रिसीव्हरने आपल्या माणसाला हरवलं पाहिजे, आणि बॉल बरोबर पडला पाहिजे. लाइन नवी होती म्हणून पहिली नव्हती, रिसीव्हर त्या रात्री हरत होते म्हणून दुसरी नव्हती, आणि तिसरीचं माप काढायला आधीच्या दोन तरी पाहिजेत ना. सात सॅक एका फ्रेशमनच्या नावावर लिहिल्या गेल्या पण त्यातला मोठा वाटा लाइनचा होता.

लाइनबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे आणि तिकडे कुणी बघत नाही. जुन्यांपैकी उरलेला एकच, टेलर डेकर. आदल्या वर्षी तो राइट टॅकल (लाइनच्या उजव्या टोकाला) होता, त्याला उचलून लेफ्ट टॅकलला नेलं, जिथे क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा सगळ्यात वेगवान माणूस अडवायचा असतो. राइट टॅकलला आला डॅरिल बाल्डविन, पाचव्या वर्षाचा सिनियर, आधी एकदाही स्टार्ट नाही, आणि मुळात कॉलेजमध्ये आला होता डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणून. लेफ्ट गार्डला बिली प्राइस, रेडशर्ट फ्रेशमन, तोही डिफेन्समधून इकडे वळवलेला. सेंटरला जेकोबी बोरेन, सेंटरच्या मानाने बुटका. आणि गार्डला पॅट एल्फ्लाइन, ज्याला 2013 च्या मिशिगन मॅचमध्ये मार्कस हॉलला बाहेर काढल्यावर ऐनवेळी आत टाकलं होतं आणि तो असा खेळला की जागा त्याचीच झाली. हे पाच जण सप्टेंबरमध्ये एकमेकांना नीट ओळखतही नव्हते. लाइनचं काम एकट्याचं नसतं, शेजारचा आत जाणार की बाहेर हे न बोलता कळावं लागतं, आणि ते फक्त एकत्र खेळून येतं. कोच एड वॉरिनरने पाच जण बदलले नाहीत, त्याच पाच जणांना आठवड्यामागून आठवडे उभं केलं. सप्टेंबरमध्ये बॅरेटला सात वेळा आडवं होऊ देणारी ही लाइन जानेवारीत अलाबामाला ढकलत होती.

तर बॅरेट. 8 नोव्हेंबरला ईस्ट लान्सिंगला मिशिगन स्टेटविरुद्ध 49-37, त्याचे 300 यार्ड पासिंगचे आणि एकूण 5 टचडाउन. त्याच्या पुढच्या आठवड्यात मिनेसोटात बर्फात 86 यार्डांची एक धाव. सीझनचे 2,834 यार्ड पासिंग, 938 यार्ड रनिंग, 34 टचडाउन पास आणि 11 पळून, एकूण 45, बिग टेनचा रेकॉर्ड, आधीचा ड्रू ब्रीसचा. हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे देशातल्या बेस्ट कॉलेज प्लेयरच्या, मतदानात पाचवा. कच्चं पोरगं म्हणून निकाल लागलेला तो हाच.

29 नोव्हेंबर, मिशिगन मॅच, चौथा क्वार्टर सुरू होताना बॅरेटचा घोटा मोडला. आणि आला तीन नंबर.

इथे थोडं खोलात जातो, कारण जोन्सची गोष्ट लोक चमत्कार म्हणून सांगतात आणि मला ते आवडत नाही. चमत्कार म्हटलं की मग पारख करायला काही उरतच नाही. जोन्सचा कॉलेजमधला पहिला स्टार्ट म्हणजे 6 डिसेंबरची बिग टेन चॅम्पियनशिप, समोर विस्कॉन्सिन. निकाल 59-0. जोन्स 17 पैकी 12, 257 यार्ड, 3 टचडाउन, आणि तिन्ही टचडाउन एकाच माणसाला, डेविन स्मिथला, तिन्ही जवळपास 40 यार्डांच्या. आता डेविन स्मिथ कोण ते बघा. सिनियर रिसीव्हर, मसिलॉनचा, त्या सीझनमध्ये कॅच फक्त 33, पण 931 यार्ड आणि 12 टचडाउन, म्हणजे एका कॅचमागे 28.2 यार्ड. असा आकडा वर्षानुवर्षं बघायला मिळत नाही. त्याचं काम एकच, सरळ पळायचं आणि वर आलेला बॉल खाली आणायचा. बाकीचं ऑफेन्स त्याच्याविना चालायचं, पण तो मैदानात आहे म्हणून समोरच्या सेफ्टीला मागे राहावं लागायचं, आणि सेफ्टी मागे गेला की रनिंग बॅक एलियटला समोर एक माणूस कमी.

आणि जोन्सकडे काय होतं? तोफ. बॅरेट ज्या पासला वर उंच टाकून रिसीव्हरला वाट बघायला लावायचा तो पास जोन्स 50 यार्ड सपाट मारायचा. मायर आणि हर्मनने मॅचच्या आठवड्यात जोन्सला बॅरेट बनवायचा प्रयत्न केलाच नाही. वाचायचं काम कमी केलं, लांब पास वाढवले, तिसऱ्या डाउनला दोन यार्ड पाहिजेत तर 250 पाउंडाचा हा गडी स्वतःच बॉल घेऊन घुसायचा. म्हणजे क्वार्टरबॅकच्या नावाची पाटी तीच पण खालचं काम बदललं. आपल्याकडे 2013 मध्ये रोहित शर्माला मिडल ऑर्डरमधून उचलून ओपनिंगला पाठवलं तेव्हा बॅट्समन तोच होता, पण नव्या बॉलवर पूर्ण पन्नास ओव्हर मिळाल्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, तसलाच हा प्रकार.

एझिकिएल एलियट. ऑगस्टमध्ये मनगट मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. हाइडच्या जागी कोण याची चर्चा चालू असताना सुरुवातीला तो नुसताच बरा वाटत होता. आणि मग शेवटच्या तीन मॅच, विस्कॉन्सिनला 20 धावांत 220 यार्ड, अलाबामाला 20 धावांत 230, ओरेगनला 36 धावांत 246 आणि 4 टचडाउन. तीन मॅचमध्ये 696. सीझनच्या 1,878 पैकी एक तृतीयांशाहून जास्त शेवटच्या तीन मॅचमध्ये. पोरगा डिसेंबरमध्ये अचानक वेगळा झाला का? नाही. लाइन जमली होती, जोन्सच्या हातामुळे आणि स्मिथच्या पायांमुळे सेफ्टी मागे सरकले होते, आणि क्वार्टरबॅक स्वतः रांगडा असल्यामुळे एलियटवर सगळे तुटून पडू शकत नव्हते.

आता ती 85 यार्डांची धाव. 1 जानेवारी 2015, शुगर बोल, पहिल्या प्लेऑफची सेमीफायनल. अलाबामाने दुसऱ्या क्वार्टरमध्ये 21-6 अशी लीड घेतलेली, ओहायो स्टेट परत आली, आणि साडेतीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असताना स्कोर 34-28. बॉल आपल्याच 15 यार्डांवर. इथे एक फर्स्ट डाउन मिळाला तरी पुष्कळ. एलियटला बॉल मिळतो, तो डावीकडे निघतो, आणि रिसीव्हर इव्हान स्पेन्सर बाहेरून आत येऊन धडकतो. एका ब्लॉकमध्ये दोन माणसं अडकतात. ती दोन माणसं अडकल्यामुळे जे दार उघडलं त्यातून एलियट गेला तो थेट एंड झोनमध्ये. टीव्हीवर सगळ्या रिप्लेमध्ये एलियट दिसतो. मी तुम्हाला सांगतो, एकदा फक्त स्पेन्सरला बघा, एलियटकडे बघूच नका.

इव्हान स्पेन्सर सिनियर होता. पूर्ण सीझनमध्ये त्याचे कॅच पंधराएक. रिसीव्हर म्हणून आकड्यांच्या रांगेत लावलात तर तो कुठेच दिसणार नाही. पण त्याच मॅचमध्ये हाफटाइमच्या आधी 12 सेकंद उरले असताना मायकल थॉमसला टचडाउन पास टाकला तो यानेच, रिसीव्हर असून. शेवटी अलाबामाने ऑनसाइड किक (बॉल स्वतःच परत मिळवायला मारलेली छोटी किक) मारली ती पकडली यानेच. ब्लॉक, पास, किक, तीन वेगवेगळी कामं, आणि एकाही कामाचा रिसीव्हरच्या स्टॅट शीटमध्ये रकाना नाही. मला विचाराल तर त्या सेमीफायनलचा सगळ्यात कमी मोजला गेलेला प्लेयर हा.

मायकल थॉमसचंही सांगायला हवं. 2012 मध्ये फ्रेशमन म्हणून थोडं खेळला, मग 2013 मध्ये कोचने त्याला चक्क बसवलं. खेळून झालेल्या पोराला दुसऱ्या वर्षी रेडशर्ट म्हणजे अपमानच वाटतो. 2014 मध्ये त्याचे 54 कॅच, 799 यार्ड, टीममध्ये सगळ्यात जास्त कॅच. पुढे न्यू ऑर्लिन्सकडून 2019 मध्ये त्याने एका सीझनमध्ये 149 कॅच घेतले, एनएफएलचा, म्हणजे प्रोफेशनल लीगचा, रेकॉर्ड. 2013 च्या डेप्थ चार्टवरून हे कुणाला दिसलं असतं? पण 2013 च्या प्रॅक्टिसमध्ये तो रोज कुणाविरुद्ध खेळतोय आणि किती वेळा जिंकतोय हे कोचला दिसत होतं. आपल्यासारख्या बाहेरच्यांची अडचण ती, आपल्याला फक्त शनिवारची मॅच दिसते.

डिफेन्सबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण तिकडे एकच मोठी गोष्ट आहे. पास डिफेन्स सुधारायला अर्कान्सासहून कोच क्रिस ॲशला आणलं आणि त्याने मागच्या चौघांना कामं सोपी करून दिली. प्लेयरमध्ये जोई बोसा हा ठरलेला हिरा, 13.5 सॅक, पेन स्टेटच्या मॅचमध्ये दुसऱ्या ओव्हरटाइमला त्याने समोरच्या रनिंग बॅकलाच ढकलत नेऊन क्वार्टरबॅकवर आपटलं आणि मॅच तिथेच संपली. पण मला जास्त बोलायचंय ते डॅरन लीबद्दल. हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक, तीन स्टारचा, गाजावाजा शून्य. त्याला वजन वाढवून लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनच्या मागे उभा राहणारा) केलं आणि अशा जागी उभं केलं जिथे एका क्षणी रिसीव्हरच्या मागे पळायचं आणि पुढच्या क्षणी क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं. शुद्ध लाइनबॅकरला पहिलं जड जातं, शुद्ध सेफ्टीला दुसरं. क्वार्टरबॅक राहिलेल्या पोराला समोरचा क्वार्टरबॅक काय बघतोय हे कळतं, हा त्याचा खरा फायदा होता असं मला वाटतं. 16.5 टॅकल फॉर लॉस (समोरच्याला मागच्या मागे पाडणं), 7.5 सॅक आणि शुगर बोलचा डिफेन्सिव्ह एमव्हीपी.

12 जानेवारीला आर्लिंग्टनमध्ये ओरेगनला 42-20. समोर हाइझमन जिंकलेला मार्कस मारिओटा. ओहायो स्टेटने चार वेळा बॉल गमावला आणि तरीही 22 ने जिंकले. तीन नंबरचा क्वार्टरबॅक तीन स्टार्टमध्ये तीन ट्रॉफ्या घेऊन आला.

आता प्रकरणाचा दुसरा भाग, जो कुणी आवडीने सांगत नाही, पण पारख शिकायची तर हाच जास्त कामाचा.

2015. एपी पोलच्या (पत्रकारांच्या क्रमवारीच्या) इतिहासात पहिल्यांदा सीझनच्या आधी एकमताने एक नंबर. हातात कोण कोण बघा, चॅम्पियन क्वार्टरबॅक जोन्स, रेकॉर्डवाला बॅरेट, एलियट, थॉमस, डेकर, बोसा, ली, आणि मिलरसुद्धा, तो आता एच-बॅक म्हणजे पळणारा आणि कॅच घेणारा. यादी म्हणून याच्याइतकी भारी यादी मला तरी आठवत नाही. आणि पहिल्या मॅचला मिलरने त्याच व्हर्जिनिया टेकविरुद्ध गोल गिरकी घेऊन टचडाउन मारला तेव्हा वाटलं की झालं, यावर्षी कुणी शिल्लक राहत नाही.

पण डेविन स्मिथ गेला होता. ब्लॉक करणारा स्पेन्सर गेला होता. आणि प्ले बोलावणारा टॉम हर्मन ह्यूस्टनला हेड कोच म्हणून गेला होता. तीन गेले, तिघांपैकी एकही पोस्टरवरचा नाही. सेफ्टीला मागे ठेवणारं पोरगंच नाही म्हटल्यावर जोन्सच्या तोफेला लक्ष्य राहिलं नाही. 2014 चा जोन्स आणि 2015 चा जोन्स यांच्या हातात काडीचा फरक नव्हता. नॉर्दर्न इलिनॉयला कसेबसे 20-13 जिंकले आणि त्या मॅचमध्ये जोन्सला बसवलं. मग काही आठवडे असा तोडगा की मैदानभर जोन्स आणि गोल जवळ आला की बॅरेट. मला हा तोडगा तेव्हाही खटकला होता, कारण दोघांनाही आपलं काम पूर्ण मिळत नव्हतं, लय लागायच्या आत बदली. शेवटी रटगर्सला बॅरेट स्टार्टर, मग त्याला एका मॅचचं सस्पेन्शन, मग परत जोन्स, मग परत बॅरेट. मिलरला बॉल द्यायचा, थॉमसला द्यायचा, जेलिन मार्शलला द्यायचा, कर्टिस सॅम्युअलला द्यायचा. बॉल एकच.

21 नोव्हेंबर 2015, मिशिगन स्टेट, पाऊस आणि वारा. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक कॉनर कुक खेळलाच नाही. ओहायो स्टेटचे पूर्ण मॅचमध्ये 132 यार्ड. सलग 15 मॅच 100 च्या वर यार्ड काढणाऱ्या एलियटला बॉल दिला फक्त 12 वेळा, 33 यार्ड. शेवटच्या किकवर 17-14 हरले. एलियटने मॅचनंतर उघडपणे नाराजी बोलून दाखवली आणि त्याच्यावर टीका झाली. बोलायची जागा चुकली असेल, पण त्या आठवड्यात तो इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलमध्ये होता हे लक्षात घेऊनही माझं मत हेच की मुद्दा त्याचा बरोबर होता. जिंकत असलेल्या किंवा बरोबरीत असलेल्या मॅचमध्ये पावसात आपला सगळ्यात भरवशाचा माणूस बारा वेळा? 

पुढच्या आठवड्यात प्लेयर एकही बदलला नाही. लाइन कोच वॉरिनर, जो त्या वर्षी कोऑर्डिनेटरही होता, त्याला मैदानावरून वर बॉक्समध्ये बसवलं, म्हणजे त्याला पूर्ण डिफेन्स वरून दिसायला लागला. बॅरेट वाचणार, एलियट पळणार, बाकीचे अडवणार. मिशिगनला ॲन आर्बरमध्ये 42-13. एलियट 30 धावा, 214 यार्ड. बॅरेट स्वतः 139 यार्ड पळाला. सात दिवसांत कुणाचं टॅलेंट वाढत नाही हो, कामं ठरली इतकंच. मग फिएस्टा बोलमध्ये नोटर डेमला 44-28. सीझन 12-1 ने संपला, पण चौघांच्या प्लेऑफमध्ये जागा नव्हती.

बोसाचाही 2015 बघून घ्या. 13.5 सॅकवरून 5 वर आला आणि लोक म्हणायला लागले की पोरगा एनएफएलसाठी स्वतःला जपतोय. फिल्म लावून बघा, जवळजवळ प्रत्येक प्लेला त्याच्यावर दोन दोन माणसं, म्हणजे शेजारच्याला एकच. टॅकल फॉर लॉस तरीही 16. एनएफएलवाल्यांना हे नीट दिसलं होतं, त्यांनी 2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजची पोरं निवडून घ्यायच्या फेरीत, त्याला तिसऱ्या नंबरला घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये एलियट चौथा, एली ॲपल दहावा, डेकर सोळावा, ली विसावा. पहिल्या तीन राउंडमध्ये दहा जण, एकूण बारा. ज्या टीममध्ये एवढे बारा होते ती आपल्या लीगच्या फायनललाही पोचली नव्हती.

क्वार्टरबॅकचं पुढे काय झालं तेही ऐका. जोन्स चौथ्या राउंडमध्ये बफेलोकडे गेला, कारण एनएफएलला हात दिसतो. मिलर तिसऱ्या राउंडमध्ये, रिसीव्हर म्हणून. बॅरेट 2017 पर्यंत खेळला, स्टार्टर म्हणून 38 मॅच जिंकला, ओहायो स्टेटच्या कुठल्याही क्वार्टरबॅकपेक्षा जास्त, आणि 2018 च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. यातला भारी कोण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी उलटा विचारतो, कुठल्या कामाला? तेरा मॅचचा सीझन सांभाळायचाय तर बॅरेट, मला त्यात शंकाच नाही. डेविन स्मिथ बाजूला आहे आणि तीनच मॅच जिंकायच्यात तर जोन्स.

म्हणून कुठल्याही कॉलेज टीमचा प्रीव्ह्यू वाचताना मी स्टार आणि आदल्या वर्षीचे यार्ड नंतर बघतो. आधी बघतो की गेलेल्या पोरांची कामं कुणाकडे आलीत, मग ती कामं फारशी चर्चेत नसतील तर अजून नीट बघतो, ब्लॉक करणारा रिसीव्हर, पंटच्या (बॉल सोडताना मारलेल्या लांब किकच्या) मागे पळणारे, लाइनमधला नवा माणूस. दोन नंबरच्या क्वार्टरबॅकसाठी वेगळे प्ले आहेत का की त्यालाही एक नंबरचेच कपडे घालायला लावणार. आणि ओहायो स्टेटचीच एक पद्धत मला फार आवडते. मायरच्या काळात नव्या पोराच्या हेल्मेटवर मधल्या पट्ट्यावर काळी पट्टी चिकटवायचे, पाच स्टारचा असो की वॉक-ऑन (स्कॉलरशिपविना आलेला), आणि प्रॅक्टिसमध्ये त्याने आपली जागा कमावली असं सगळ्यांना वाटलं की पूर्ण टीमसमोर ती काढायचे. कुणाची पट्टी कधी निघाली याच्या बातम्या यायच्या, मी त्या लक्ष देऊन वाचायचो, स्टारपेक्षा त्यावर माझा जास्त भरवसा असायचा.

राहिले ते 2014 चे दोन गार्ड. 2016 मध्ये एल्फ्लाइनला गार्डवरून सेंटरला आणलं, त्याने देशातल्या बेस्ट सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी जिंकली. तो गेल्यावर 2017 मध्ये त्याच जागेवर बिली प्राइसला आणलं, डिफेन्समधून इकडे आलेला तोच प्राइस, आणि त्यानेही रिमिंग्टन जिंकली, वर पहिल्या राउंडमध्ये सिनसिनाटीने त्याला घेतलं.